‘रन’ या धातूची मराठी धाव

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाला जे दहा-पाच धातू आरंभीच पाठ करावे लागतात, त्यांत ‘रन’ हा एक असतो. रन म्हणजे धावणे. मास्तर सांगतात, मुलगा घोकतो आणि प्रकरण मिटते. अडचण येते ती पुढे दोन-तीन वर्षांनी. वाचनाच्या पुस्तकात नदी ‘रन’ होते, रस्ता ‘रन’ होतो, कोणाचे तरी दुकान ‘रन’ होते आणि सर्दी झालेल्या माणसाचे नाकही ‘रन’ होते. मुलगा बिचारा गोंधळतो. धावणारे नाक त्याने कोठे पाहिलेले नसते.

आपल्या पहूरचेच उदाहरण घेऊ. वाघूर अजिंठ्याच्या डोंगरातून, लेण्यांच्या पायथ्याशी वळसा घालून खाली येते आणि पुढे तापीला मिळते. इंग्रज म्हणेल, ती ‘रन’ होते. आपण म्हणतो, वाहते. पूर आला तर म्हणू की नदी आली. जळगावहून अजिंठ्याकडचा रस्ता पहुरावरून ‘रन’ होतो. आपण म्हणतो, जातो. पेठेतले दुकान चालते, कसब्यातली शाळा भरते, कापसाचा जिन चालतो. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी धाकट्या रुळांची गाडी होती, ती यायची, थांबायची आणि सुटायची. लुगड्याचा रंग जातो. नाक गळते किंवा वाहते. गावात बातमी पसरते, बाजारात भाव चढतो, सावकाराच्या वहीत व्याज चढते, भाडेपट्ट्याची मुदत भरेपर्यंत चालते. आणि निवडणूक आली म्हणजे अमेरिकेतला उमेदवार ‘रन’ होतो, म्हणजे धावतो. आपला उमेदवार उभा राहतो. या एका बाबतीत मात्र विलायतचे इंग्रज आमच्या बाजूचे आहेत. त्यांचाही उमेदवार उभाच राहतो.

एका लहानशा इंग्रजी धातूच्या पोटात हे सगळे मावते. प्रश्न असा की, हे मराठीत आणावयाचे काम प्रथम ज्यांच्या अंगावर पडले, त्यांनी ते कसे निभावले? हा इतिहास फार जुना नाही. दोनशे-सव्वादोनशे वर्षांतलाच आहे. पण त्यात आपल्या भाषेविषयी पुष्कळ शिकण्यासारखे आहे, आणि कोशाच्या इतिहासात तो नीट सांगितला जात नाही. कोश म्हटला की आपण किती शब्द गोळा केले एवढेच मोजतो.

या धातूपुढे इंग्रजच प्रथम टेकीला आले, हे आधी सांगितले पाहिजे. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश छापला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने अशा धातूंविषयी चक्क तक्रार केली आहे. येणे, जाणे, घेणे, देणे, ठेवणे, धावणे अशा अर्थाचे जे रोजचे धातू, ते इतके सैल आणि पसरट झाले आहेत की त्यांचा माग काढता काढता कोशकार हरवून जातो, असा त्याचा भावार्थ. अवघड शब्दांचे त्याला भय नव्हते, सोप्यांचे होते. पुढे ऑक्सफर्डचा मोठा कोश १८८४ पासून १९२८ पर्यंत भागाभागाने निघाला. त्याची नवी आवृत्ती तयार होत असताना एकट्या ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या आवृत्तीत ‘सेट’ हा धातू सर्वांत लांब होता. त्याला ‘रन’ने मागे टाकले. यंत्रे वाढली तसा ‘रन’ वाढला. गिरणी, आगगाडी, मोटार, विजेचा पंप, गणकयंत्र, जे जे चालू लागले ते ते ‘रन’ होऊ लागले.

आता आपल्याकडे वळू. आपल्या देशात कोशांची परंपरा इंग्रजांच्या पुष्कळ आधीची. त्याचा अभिमान आम्हांलाही आहे. पण एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. अमरसिंहाच्या कोशाचे खरे नाव ‘नामलिंगानुशासन’. नामे आणि त्यांची लिंगे सांगणे हे त्याचे काम. पाण्याला किती नावे, कमळाला किती, इंद्राला किती, हे त्यात मिळेल. ‘धावणे’ला किती, हे मिळणार नाही. शिवछत्रपतींच्या काळी रघुनाथपंतांनी जो राज्यव्यवहारकोश केला, त्यातही फार्शी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले ते मुख्यतः पदार्थांचे, हुद्द्यांचे, सामानाचे. धातूंचा कारभार कोशकाराकडे नव्हताच. तो वैयाकरणांकडे होता. त्यांनी धातुपाठ रचला आणि प्रत्येक धातूपुढे एखाददुसरा अर्थ लिहून ठेवला. ‘धाव्’ या धातूपुढे दोन अर्थ आहेत: गती आणि शुद्धी. म्हणूनच दंतधावन म्हणजे दात घासणे. दातांनी पळ काढणे नव्हे! धातूला अनेक अर्थ असतात हे आपल्या वैयाकरणांनी फार पूर्वीच म्हणून ठेवले होते. पण ते अर्थ एकेक करून मांडून दाखविण्याची गरज त्यांना भासली नाही. संस्कृत शिकणाऱ्याला ते काव्ये वाचता वाचता कळत असत.

मराठीला तर असाही कोश नव्हता. मराठी ही बोलावयाची भाषा, तिचा कोश कशाला, अशीच सर्वांची समजूत. गरज पडली ती परक्यांना. विल्यम केरी याने बंगाल्यातील श्रीरामपुरास १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये कोश छापला. मराठी शब्द मोडी अक्षरांत होते. त्याच्या हाताशी पंडित वैजनाथ होते. पेशवाई बुडाली, १८१८ मध्ये खानदेशासह सगळा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला आणि मग मामलेदार, कलेक्टर, पलटणीतले अधिकारी, सर्वांनाच मराठी हवी झाली. व्हान्स केनेडीचा कोश मुंबईस १८२४ मध्ये निघाला. तो लहान होता.

खरे काम झाले ते पुढच्या पाच-सात वर्षांत. जेम्स टॉमस मोल्सवर्थ हा कंपनीच्या फौजेतला तरुण अधिकारी. त्याच्या पुढाकाराने आणि टॉमस व जॉर्ज कँडी या बंधूंच्या साह्याने सरकारने कोशाचे काम हाती घेतले. लोक पुढे त्याला मोलेसरशास्त्री म्हणू लागले. असे नाव आपले लोक उगाच कोणाला देत नाहीत. पण त्याच्याभोवती जे शास्त्री होते त्यांची नावे आज किती जणांस ठाऊक आहेत? जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, दाजीशास्त्री शुक्ल, सखाराम जोशी, परशुरामपंत गोडबोले. या मंडळींचा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ मध्ये शिळाछापावर निघाला. मराठी शब्दांचा मराठीत अर्थ देणारा हा पहिला मोठा कोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला, त्याच्या मागे हीच मेहनत आहे.

या शास्त्र्यांची अवस्था आम्ही मनाशी आणून पाहतो तेव्हा त्यांच्याविषयी आदर दुणावतो. ते अमरकोशावर वाढलेले. कोश म्हणजे नामांची माळ, ही त्यांची सवय. आणि आता त्यांना विचारण्यात येत होते की, ‘लागणे’ म्हणजे काय ते सांगा. सांगा बरे! भूक लागते, ऊन लागते, आग लागते. पायाला दगड लागतो. आंबा गोड लागतो. मुलाला नोकरी लागते, परीक्षेचा निकाल लागतो, विहिरीला पाणी लागते, कामाला वेळ लागतो. एखादा हात धुऊन मागे लागतो. आपल्या खानदेशात केळीची लागण होते आणि रोगाचीही लागणच होते. पहिलीने शेतकरी आनंदतो, दुसरीने घाबरतो. या सगळ्यांत समान काय आहे? शास्त्र्यांनी हा शब्द जन्मभर वापरला होता, परंतु त्याच्याकडे थांबून कधी पाहिले नव्हते. घरची वहिवाटीची वाट आपण पाहत नाही, तसेच हे. मोल्सवर्थचा कोश आजही कोणी उघडून पाहावा. ‘लागणे’, ‘बसणे’, ‘येणे’ यांच्या नोंदी किती लांब आहेत ते दिसेल. १८५७ साली त्याची दुसरी, पुष्कळ वाढविलेली आवृत्ती निघाली. तीच १९७५ मध्ये पुण्यास पुन्हा छापण्यात आली आणि आजही अभ्यासकांच्या हाताशी असते. घरगुती, शेतातले, बाजारातले, कित्येक तर चारचौघांत न उच्चारण्याजोगे शब्दही त्याने गाळले नाहीत. यावर नाके मुरडणारे तेव्हाही होते.

तेव्हा, इंग्रजी दरिद्री, एका ‘रन’वर दिवस काढणारी, आणि मराठी श्रीमंत, प्रत्येक कामाला निराळा धातू बाळगणारी, असा निष्कर्ष काढण्याचा मोह कोणाला झाला असेल तर तो त्याने आवरावा. ‘लागणे’ पाहून इंग्रजालाही आपली भाषा श्रीमंत वाटेल. दोन्ही भाषा सारख्याच उधळ्या आणि सारख्याच काटकसरी आहेत. फक्त काटकसर निराळ्या ठिकाणी आहे.

मराठीतून इंग्रजीत जाणे एक वेळ सोपे. मराठी शब्द समोर असतो, त्याचे वर्णन इंग्रजीत केले की भागते. उलट बाजूने येणे फार कठीण. तेथे वर्णन चालत नाही. वाक्यात बसेल असा जिवंत शब्द द्यावा लागतो. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा एका पानावर शेजारीशेजारी इंग्रजी आणि मराठी असे दोन रकाने ठेवले. तोच मजकूर, दोन भाषांत. त्या दोन रकान्यांमधली उभी रेघ ओलांडणे किती अवघड आहे हे बाळशास्त्र्यांइतके त्या काळी कोणाला कळले असेल, असे आम्हांला वाटत नाही. हाताशी इंग्रजी-मराठी मोठा कोश नव्हता. मोल्सवर्थने तो सुरू केला होता, पण प्रकृती ढासळल्यामुळे १८३६ मध्ये तो विलायतेस परतला. टॉमस कँडीने काम पुढे नेले आणि १८४७ मध्ये तो कोश प्रसिद्ध झाला. पुढे १८७३ मध्ये त्याची दुसरी आवृत्तीही कँडीनेच काढली.

‘रन’ला मराठी शब्द द्या, असे कँडीने आपल्या शास्त्र्यांस म्हटले तर शास्त्री काय विचारतील? ते विचारतील: कोण रन होतो? येथेच सगळी गोम आहे. इंग्रजी धातू गतीकडे पाहतो. एक सलग, न अडखळणारी हालचाल दिसली की त्याचे काम झाले, मग ती माणसाची असो, पाण्याची असो वा व्याजाची. मराठी आधी कर्त्याकडे पाहते. पाणी असेल तर वाहते. माणूस असेल तर धावतो. भिऊन असेल तर पळतो. आणि देव असेल तर धावून येतो. व्याज असेल तर चढते, मुदत असेल तर भरते, मोट असेल तर ती हाकावी लागते. म्हणून इंग्रजी-मराठी कोशात अशा धातूची नोंद करताना प्रत्येक अर्थाच्या पुढे कर्ता कोण हे सुचवावे लागते. त्यावाचून नुसते प्रतिशब्द म्हणजे किल्ल्यांचा जुडगा; कोणती किल्ली कोणत्या कुलपाची हे कोण सांगणार?

हा पंडितांचा खेळ नव्हता. कँडी सरकारचा मराठी भाषांतरकार झाला. शाळेची पुस्तके कित्येक वर्षे त्याच्या नजरेखालून जात. १८६० च्या इंडियन पिनल कोडचा मराठी तर्जुमा त्याने केला. मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम रुळविण्यातही त्याचा हात आहे. म्हणजे खेड्यातल्या मुलाने कोणते मराठी वाचावे आणि कोर्टात उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला कायदा कोणत्या मराठीत ऐकू यावा, हे बऱ्याच अंशी एका इंग्रजाच्या कानावर अवलंबून राहिले. अमुक तारखेपासून व्याज ‘रन’ होईल, असे इंग्रजीत लिहिलेले असते. त्याचे ‘व्याज धावेल’ केले तर लोक हसतील, एवढ्यावर निभावेल. पण ‘व्याज चढेल’ म्हणावे की ‘व्याज सुरू होईल’ म्हणावे, यात फरक आहे. चढणारे व्याज मुद्दलावर आधीच बसलेले असू शकते. सुरू होणारे व्याज त्या तारखेच्या आधी नव्हतेच. कुळाच्या दृष्टीने हा फरक एका बैलजोडीचा ठरू शकतो. कँडीच्या मराठीवर पुढे पुष्कळ टीका झाली. ती इंग्रजी वळणाची आहे असे लोक म्हणाले. आम्ही त्या टीकेत अर्धेच सामील होऊ. वळण इंग्रजी होते हे खरे, पण त्या माणसाने प्रत्येक शब्द तोलला, आणि त्याच्यानंतर सरकारी मराठी लिहिणाऱ्या आपल्याच कित्येक लोकांनी तेवढाही तोलला नाही.

मधल्या काळात आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे ती पहिल्याने चालली. या नव्या वस्तूला नाम मिळणे सोपे होते: आगीनगाडी, आगगाडी. क्रियापदाचे काय? ‘गाडी’ आपल्याकडे होतीच, बैलाची; पण तिची क्रियापदे जशीच्या तशी कामी येईनात. बैलगाडी जुंपली म्हणजे प्रवास सुरू होतो आणि गाडी सोडली म्हणजे प्रवास संपतो; बैल मोकळे होतात, माणसे शिदोरी उघडतात. आगगाडीचे उलट. ती सुटली म्हणजे निघाली. बैलगाडीच्या धन्याला जो शब्द विसाव्याचा, तोच स्टेशनवर धावपळीचा झाला. हा पालट कोणा कोशकाराने केला नाही, कोणत्या समितीने ठरविला नाही. फलाटावर उभ्या असलेल्या लोकांनी तो आपसांत करून टाकला. आपली पाचोरा-जामनेर गाडी १९१८-१९ च्या सुमारास आली, तेव्हा ‘सुटणे’ तयारच होते. छप्पन्न किलोमीटरचा तो मार्ग २०२० साली थांबला. त्याला इंग्रजीत म्हणतील की गाडी ‘रन’ होण्याची राहिली. आपण म्हटले, पीजे बंद झाली.

विसाव्या शतकातल्या कोशांविषयी थोडक्यातच सांगतो. नीळकंठ बाबाजी रानडे यांचा इंग्रजी-मराठी कोश १९०३ ते १९१६ या काळात निघाला. पुढे दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून खंडाखंडाने आला. दोन्ही कामे अफाट आहेत आणि दोन्ही मुख्यतः खाजगी लोकांच्या जिवावर झाली.

कोशांपेक्षा मौजेचे घडले ते क्रिकेटात. तेथे ‘रन’ नाम होऊन आला. आमच्या लहानपणी सगळे ‘रन काढणे’च म्हणत. पुढे बाळ ज. पंडितांसारखे समालोचक आकाशवाणीवरून मराठीत खेळ सांगू लागले, त्यांनी आणि वृत्तपत्रांनी मिळून ‘धाव’ रुळविली: धावा, धावसंख्या, धावबाद. शब्द चांगलाच बसला. मात्र मराठीत ‘धावा करणे’ ही एक फार जुनी गोष्ट आहे. संकटात सापडलेला भक्त देवाचा धावा करतो, म्हणजे त्याला धाव म्हणून हाक मारतो. शेवटच्या षटकात जिंकावयास वीस धावा हव्या असतील तेव्हा फलंदाज धावा करतो आणि घराघरांतून प्रेक्षकही धावा करतात. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असतात.

हल्ली मात्र वेगळेच ऐकू येते. मुले म्हणतात, प्रोग्रॅम रन केला. ते ठीक आहे; यंत्र नवे, शब्द नवा. परंतु आता संस्थाही ‘रन’ करतात, हॉटेलही ‘रन’ करतात, क्लासही ‘रन’ करतात. पूर्वी संस्था चालवीत, खाणावळ घालीत, शिकवणी घेत, दुकान थाटीत, गाडा हाकीत. ही पाच क्रियापदे एका ‘करणे’च्या मागे लपली. इंग्रजी शब्द आला याचे आम्हांला दुःख नाही. मोल्सवर्थच्या कोशात फार्शी-अरबी शब्द भरपूर आहेत आणि त्यांनी मराठी बुडाली नाही. दुःख आहे ते क्रियापदाचे काम ‘करणे’कडे गेल्याचे. नाम बाहेरून आले तर घरात एक पाहुणा वाढतो, पण क्रियापद बाहेरून आले की घरातला कर्ता माणूस रिकामा बसतो.

आणि आपल्या भागातली गोष्ट अजून राहिलीच. जामनेर, भुसावळ, रावेर या बाजूची तावडी, लेवा पाटीदारांची बोली, पलीकडे धुळे-चाळीसगावकडची अहिराणी, यांत ‘ळ’चा ‘य’ होतो हे सर्वांना ठाऊक आहे; ‘पळ’चा ‘पय’ होतो, केळीची ‘केयी’ होते. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या विद्वानांना या बोलीचे बळ कळले. पण शब्द कसा उच्चारतात हे टिपणारे पुष्कळ, तो काय काय करतो हे टिपणारे थोडे. ‘पय’ कोणासाठी आणि ‘धाव’ कशासाठी, बैल हाकताना कोणते क्रियापद, पाट फोडताना कोणते, सरकी काढताना कोणते, हे ज्यांना सांगता येईल ती माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यापाशी बसून लिहून घेण्यास शास्त्री असावे लागत नाही. वही लागते आणि दुपार लागते.

नमुन्यादाखल एक शब्द सांगून थांबतो. बैलगाडीच्या चाकावर जी लोखंडी पट्टी तापवून चढवितात, तिला धाव म्हणतात. ती जमिनीवरून पळते म्हणून धाव, हे समजते. दुसरी धाव विहिरीवर असे. मोटेचे बैल ज्या उतरत्या वाटेने ये-जा करीत, ती मोटेची धाव. विजेचे पंप आले, मोटा गेल्या, तरी जुन्या विहिरींच्या काठी तो उतार अजून ओळखू येतो. तिच्यावर बैल कधीच धावत नसत. भरल्या मोटेच्या ओझ्याने ते एकेक पाऊल रेटीत खाली जात, मोट थारोळ्यात रिकामी झाली की तोंड न फिरविता मागच्या पायांनी तसेच वर येत. दिवसभर हेच. तरी तिचे नाव धावच.